मॅलेट : ग्राव्हिलपासून माथेरानपर्यंत एका आडनावाचा माग

प्रश्न असा आला आहे : माथेरान शोधून काढणारा ह्यू पॉइंट्झ मॅलेट आणि सवाई माधवरावांच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट एकाच घराण्यातले का? हे आडनाव मूळचं कुठलं आणि त्याचा अर्थ काय? आणि विचारणाऱ्या बाईंच्या एका मैत्रिणीचं इंग्लंडमधलं सासर मॅलेट आहे; त्या घरात सांगतात की आमचा मूळपुरुष १०६६ साली विजेत्या विल्यमबरोबर समुद्र ओलांडून आला. यात तथ्य किती?

पहिल्याचं उत्तर एका ओळीत : ह्यू हा चार्ल्सचाच मुलगा. बाकीच्या दोन्हींना जरा वेळ लागेल. मी वंशावळींचं आणि जुन्या दस्तांचं काम करतो, आणि कंपनी सरकारच्या काळात इकडे आलेली घराणी त्यात वारंवार समोर येतात. त्यांतलं हे एक असं घराणं आहे की ज्याच्या मूळपुरुषाबद्दल समकालीन पुरावा भक्कम आहे आणि खालच्या पिढ्यांचाही आहे. मधला सांधा मात्र नीट बसत नाही. आडनावांच्या इतिहासात ही अडचण नेहमीचीच. म्हणून शब्द कुठला, तो पहिल्यांदा कुणी लावला आणि आजचा माणूस त्याच्याच रक्ताचा का, हे तीन प्रश्न मी नेहमी वेगळे ठेवतो.

शब्दाचं आधी उरकून घेऊ. जुन्या फ्रेंचमध्ये 'माल' म्हणजे लाकडी घण, आणि 'मालेट' त्याचं लहान रूप. आपल्याकडच्या सुताराची मोगरी म्हणा. घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना हा अर्थ फार आवडतो, कारण मोगरीची लगेच युद्धातली गदा करता येते. दुसरी व्युत्पत्ती 'मालेइत' या शब्दाकडे बोट दाखवते, म्हणजे शापित, लॅटिन 'मालेदिक्तुस'. ही अर्थातच कुणी दिवाणखान्यात टांगत नाही. तिसरी म्हणते की संत मालो या ब्रिटनीतल्या संताच्या नावाचं हे लाडकं रूप. पुढे इंग्लंडमध्ये मेरीचं 'मॉल' आणि त्यावरून 'मॅलेट' असाही एक स्वतंत्र उगम धरतात. अकराव्या शतकातले नॉर्मन लोक, म्हणजे उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीचे, एकमेकांना जी टोपणनावं देत ती बहुधा गौरवाची नसत. केस ताठ उभे राहणारा म्हणून 'क्रिस्पिन', आणि तेच पुढे त्या घराण्याचं नाव झालं. त्यामुळे 'शापित' हा अर्थ मी तरी हसण्यावारी नेणार नाही. पण यापैकी कुठलाही खरा धरला तरी एक गोष्ट बदलत नाही : हे टोपणनाव आहे, गावाचं नाव नाही. काही पुस्तकांत 'द मॅलेट' असं छापलेलं दिसतं (फ्रेंच 'द' म्हणजे अमुक गावचा), ते चूक. मॅलेट नावाचं गाव नव्हतंच, तर 'मॅलेटचा' कुठून येणार? घराण्याचं गाव होतं ग्राव्हिल, सेन नदीच्या मुखाशी, आज ते ल हाव्र शहरात मिसळून गेलं आहे.

आता माणूस. विल्यम मॅलेट, ग्राव्हिलचा धनी. १०६६ मध्ये ज्या लढाईने विजेत्या विल्यमला इंग्लंड मिळालं, त्या हेस्टिंग्जच्या लढाईत खरोखर हजर होते असं ज्यांच्याबद्दल समकालीन लेखनावरून म्हणता येतं, अशी नावं मोजून पंधरा-वीसच भरतात. इंग्लंडमधली शेकडो घराणी त्या दिवसावर हक्क सांगतात, रणभूमीवर उभारलेल्या बॅटल मठाच्या नावावर खपवलेल्या लांबलचक याद्या दाखवतात, त्या सगळ्या नंतरच्या आणि बेभरवशाच्या. विल्यम मॅलेटचं नाव मात्र त्या छोट्या खऱ्या यादीत आहे, आणि तेही एका चमत्कारिक कारणाने. प्वातियेचा विल्यम हा विजेत्याचा चरित्रकार लिहितो की लढाईत पडलेला इंग्रज राजा हॅरल्ड याच्या आईने मुलाच्या देहाच्या वजनाइतकं सोनं देऊ केलं, पण ड्यूकने, म्हणजे विजेत्या विल्यमने, ते नाकारलं आणि प्रेत पुरायचं काम विल्यम मॅलेटकडे सोपवलं. हॅरल्डने किनारा राखायचा एवढा अट्टाहास केला, तर आता तिथेच पहारा दे म्हणावं, असा कुत्सित शेराही त्यात आहे. हेस्टिंग्जवरच्या एका लॅटिन काव्यात हेच काम करणाऱ्याचं नाव दिलेलं नाही, पण वर्णन आहे : अर्धा नॉर्मन, अर्धा इंग्रज, आणि हॅरल्डचा 'कोंपातर'. म्हणजे बहुधा दोघांनी मिळून एखाद्या मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्मपित्याची जागा घेतली होती. दोन्ही एकत्र ठेवले की माणूस समोर उभा राहतो : आई बहुधा इंग्रज, शत्रुपक्षाच्या राजाशी जुना घरोबा, आणि म्हणूनच हे अवघड काम त्याच्या गळ्यात.

त्यानंतरची त्याची पाच वर्षं दस्तांत चांगली सापडतात. १०६८ साली यॉर्कला किल्ला उभा राहिला आणि मॅलेट तिथला शेरीफ झाला, म्हणजे राजाच्या वतीने वसुली आणि बंदोबस्त पाहणारा. १०६९ च्या सुरुवातीला बंडखोरांनी वेढा घातला तेव्हा कुमक आली नाही तर किल्ला जाईल असा त्याने निरोप धाडला, राजा स्वतः आला आणि वेढा उठला. त्याच वर्षी डेन्मार्कचं आरमार आलं. या वेळी म्हणे त्याने उलट निरोप दिला की आम्ही वर्षभर तग धरू, मदत नको. प्रत्यक्षात सप्टेंबरात किल्ल्यातल्या लोकांनी शत्रूला खंदक बुजवायला लाकूड मिळू नये म्हणून आसपासच्या घरांना आग लावली, ती पसरत पसरत शहर आणि सेंट पीटरचं मोठं देऊळच घेऊन गेली. २१ सप्टेंबरला डेन आणि नॉर्थंब्रियाच्या लोकांनी दोन्ही किल्ले जिंकले. शिबंदीची कत्तल झाली. विल्यम, त्याची बायको हेसिलिया आणि दोन मुलं ओलीस राहिली. ही हेसिलिया माहेरची क्रिस्पिन, त्या ताठ केसवाल्यांपैकी.

सुटका झाल्यावर तो परत यॉर्कला गेलेला दिसत नाही. राजाने त्याला पूर्वेकडे सफक परगण्यात मोठा मुलूख दिला होता. तिथल्या 'आय' या गावी त्याने मातीचा उंचवटा रचून किल्ला बांधला. डूम्सडे बुकात, म्हणजे १०८६ च्या जमीन पाहणीत, त्या किल्ल्याची आठवण येते ती एका बाजाराच्या तक्रारीतून, आणि माझ्या मते हे सबंध घराण्याबद्दलचं सर्वांत जिवंत वाक्य आहे. जवळच्या हॉक्सन गावात बिशपचा बाजार शनिवारी भरायचा. मॅलेटने आपल्या किल्ल्यात नवा बाजार सुरू केला, तोही शनिवारीच. बिशपच्या बाजाराची एवढी वाताहत झाली की त्याला काही किंमत राहिली नाही आणि तो शुक्रवारवर न्यावा लागला. आयचा बाजार मात्र शनिवारीच भरतो, अशी नोंद लिहून ठेवली आहे. विजेत्यांनी इंग्लंड कसं गिळलं हे समजायला मला तलवारींपेक्षा हा शनिवारचा बाजार जास्त उपयोगी वाटतो.

मरण त्याला बहुधा १०७१ च्या सुमारास आलं. ईलीच्या दलदलीत हेरवर्डचं बंड चालू होतं, तिथल्या मोहिमेत तो गेला असावा. हेही डूम्सडे बुकातूनच कळतं, आणि तेही आडवळणाने. अमुक शेत कुणाच्या ताब्यात होतं हे सांगताना साक्षीदार म्हणतात : विल्यम मॅलेट राजाच्या कामगिरीवर गेला, जिथे तो मेला, त्या दिवशी हे त्याच्याकडे होतं. एके ठिकाणी तर 'दलदलीत गेला' असेच शब्द आहेत. त्याचं जाणं ही त्या भागात कालगणनेची खूण होऊन बसली होती.

त्याचा मुलगा रॉबर्ट. १०८६ मध्ये एकट्या सफकमध्ये त्याच्या दोनशेहून जास्त जमिनी नोंदल्या आहेत, आणि पाहणी करणारे त्याला 'रॉबर्ट मॅलेट' म्हणतात, 'विल्यमचा मुलगा रॉबर्ट' असं नाही. ही बाब साधी वाटते, पण आडनावाच्या इतिहासात हाच खरा क्षण. बापाचं टोपणनाव मुलाला चिकटलं की ते आडनाव झालं. इंग्लंडमध्ये त्या काळी बहुसंख्य लोकांना आडनावच नव्हतं. सामान्य घरांत ते स्थिरावायला तेराव्या-चौदाव्या शतकाची वाट पाहावी लागली. म्हणजे मॅलेट हे इंग्लंडमधल्या अगदी पहिल्या वंशपरंपरागत आडनावांपैकी एक. मात्र त्याच पाहणीत लिंकनशायरकडे जमिनी असलेला ड्युरँड मॅलेटही भेटतो. त्याला कुणी विल्यमचा भाऊ म्हणतात, कुणी मुलगा. कागदात नातं लिहिलेलं नाही. हा ड्युरँड मनात ठेवा. एकच टोपणनाव एकाहून अधिक माणसांना असू शकतं, हे विसरलं की वंशावळ बिघडते.

रॉबर्टने आयला मठ स्थापला आणि तो नॉर्मंडीतल्या बर्ने मठाला जोडला. पहिल्या हेन्रीच्या काळात घराण्याचे ग्रह फिरले. रॉबर्ट ११०६ च्या तांशब्रेच्या लढाईत पडला की आधीच परागंदा झाला यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण १११० सालाखाली अँग्लो-सॅक्सन बखर सांगते की फिलिप द ब्रेओझ, विल्यम मॅलेट (हा नंतरचा) आणि विल्यम बेनर्ड यांच्या जमिनी काढून घेतल्या. काही वर्षांतच आयचा मोठा सरंजाम ब्ल्वाच्या स्टीफनला मिळाला, जो पुढे इंग्लंडचा राजा झाला. पूर्व इंग्लंडमधले मॅलेट इथे संपले.

आणि मग थोड्या अवधीने, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला सॉमरसेटमध्ये, मॅलेट दिसू लागतात. करी आणि शेप्टन ही तिथली दोन गावं १०८६ मध्ये कूर्सेलच्या रॉजरकडे होती. बाराव्या शतकात ती मॅलेटांकडे आहेत, आणि त्यांतला एक विल्यम मॅलेट दुसऱ्या हेन्रीच्या राजगृहाचा कारभारी आहे. हे सॉमरसेटवाले हेस्टिंग्जच्या विल्यमचे नेमके कोण? विल्यम, रॉबर्ट, गिल्बर्ट ही नावं त्यांच्यात फिरतात आणि ग्राव्हिलच्या घराशी मेळ खातात. थोरल्या विल्यमचा गिल्बर्ट नावाचा धाकटा मुलगा होता, त्याच्यापासून ही शाखा आली असं पुष्कळ जण मांडतात. तर्क चांगला आहे, मीही त्याच बाजूला झुकतो. पण 'अमुक हा अमुकाचा मुलगा' असं म्हणणारा, त्या काळचा, साक्षीनिशी दस्त या जागी नाही. छापील वंशवृक्षांत इथे सरळ काळी रेघ ओढलेली असते. माझ्या कागदावर ती तुटक असते.

आपल्याकडे गावाला 'कर' लावून आडनाव होतं. इथे उलट झालं, घराण्याने गावाला आडनाव दिलं. करी नावाची दोन गावं शेजारी होती, एक रेव्हेल घराण्याचं म्हणून करी रिव्हल आणि दुसरं करी मॅलेट. शेप्टन म्हणजे मेंढ्यांचं गाव, अशी गावं सॉमरसेटमध्ये अनेक, म्हणून एक शेप्टन मॅलेट आणि एक शेप्टन बोशां, ज्याचा उच्चार इंग्रज 'बीचम' करतात. या गावांवरून पुढे काही लोकांनी 'आमचं आडनाव शेप्टन मॅलेटवरून पडलं' अशी उलटी गोष्टही रचली आहे.

करी मॅलेटचा शेवटचा मोठा धनी म्हणजे १२१५ च्या मॅग्ना कार्टाची, म्हणजे राजाच्या अधिकारांना आळा घालणाऱ्या सनदेची, अंमलबजावणी पाहायला नेमलेल्या २५ उमरावांपैकी एक, विल्यम मॅलेट. स्वातंत्र्याचा कैवारी वगैरे वाचायला छान, पण हिशेबाचे कागद पाहिले तर त्याची खरी दुखरी नस दिसते. तो सॉमरसेट-डॉर्सेटचा शेरीफ राहिलेला, जॉन राजाचं दोन हजार मार्कचं देणं त्याच्या डोक्यावर, आणि ते माफ व्हावं म्हणून १२१४ साली दहा सरदार आणि वीस शिपाई घेऊन तो राजाच्या फ्रान्समधल्या प्वातूच्या मोहिमेवर गेला. मोहीम फसली. वर्षभरात तो बंडखोरांत होता. त्या २५ जणांतल्या कितीतरी जणांचं असंच होतं. वसुलीने पिचलेले लोक होते ते.

तो लवकरच वारला आणि वारस म्हणून मागे राहिल्या मुली : मेबल आणि हेलविझ. मेबलच्या वाटणीचा भाग ह्यू द व्हिव्होनिया या नवऱ्याच्या घरी गेला. हेलविझचं लग्न झालं ह्यू पॉइंट्झशी, आणि करी मॅलेट पॉइंट्झांचं झालं. ह्यू पॉइंट्झ! आता माथेरानवाल्याचं पूर्ण नाव पुन्हा वाचा : ह्यू पॉइंट्झ मॅलेट. सहाशे वर्षांनी जन्मलेल्या मुलाला हे नाव सहज पडलं असं मला वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात जुन्या सोयरिकी नावांत कोरून ठेवायची इंग्रज घराण्यांना भारी हौस होती.

इथेच एक सूचना. 'आम्ही मॅग्ना कार्टावाल्या विल्यम मॅलेटचे वंशज' असं ज्या मॅलेट आडनावाच्या घरात सांगतात, तिथे बापाकडून मुलाकडे आलेल्या आडनावाच्या वाटेने हे शक्य नाही. त्याची मालमत्ता मुलींकडे गेली, म्हणजे त्याच्या पश्चात वारसा घेणारा मुलगा नव्हता. त्याचं रक्त पॉइंट्झ आणि त्यांच्या सोयऱ्यांत शोधा. मॅलेट आडनाव टिकलं ते सॉमरसेटमधल्याच एन्मोर गावच्या भाऊबंद शाखेत.

नॉर्मंडीत काय चाललं होतं? १२०४ मध्ये जॉनने नॉर्मंडी गमावली आणि दोन्हीकडे जमिनी असलेल्यांना एक राजा निवडावा लागला. ग्राव्हिलचे मॅलेट फ्रेंच झाले, आणि तिथेही त्यांचं नशीब तसंच वरखाली. जाँ मॅलेट द ग्राव्हिल याचा १३५६ साली रुआँला फ्रान्सच्या राजाने शिरच्छेद करवला. त्याच घराण्यातला लुई मॅलेट द ग्राव्हिल शंभरएक वर्षांनी फ्रान्सचा ॲडमिरल झाला. दोन्ही शाखांची ढालीवरची चिन्हं पाहण्यासारखी आहेत : फ्रेंच ग्राव्हिलांची तांबड्या जमिनीवर तीन सोनेरी बकलं, इंग्रज मॅलेटांची निळ्यावर तीन सोनेरी शिंपले. आकडा तोच, बाकी सगळं वेगळं. ढालीवर अशी कुळचिन्हं वापरायची पद्धतच मुळात बाराव्या शतकाच्या मध्यापासूनची. त्यामुळे हेस्टिंग्जच्या विल्यमच्या हातात शिंपल्यांची ढाल देणारं चित्र कुणी विकायला आलं तर ते चित्र म्हणूनच घ्या. आडनाव सांगितलं की 'तुमच्या घराण्याचं चिन्ह' छापून देणारी जी दुकानं पर्यटनस्थळी असतात, त्यांच्याबद्दल मी जास्त बोलत नाही. ढालचिन्ह आडनावाला मिळत नसतं, ठरावीक माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळतं.

एन्मोरची थोरली शाखा सतराव्या शतकात एका मुलीवर येऊन थांबली, आणि तिची गोष्ट इंग्रजी वाचकांना ठाऊक असते. एलिझाबेथ मॅलेट, मोठ्या इस्टेटीची एकुलती वारस. मे १६६५ मध्ये रॉचेस्टरच्या अर्लने, म्हणजे कवी जॉन विल्मटने, तिला लंडनमध्ये चेअरिंग क्रॉसला तिच्या आजोबांच्या बग्गीतून पळवून सहा घोड्यांच्या गाडीत घातलं. सॅम्युअल पेप्सने दोनच दिवसांनी रोजनिशीत याची नोंद केली. पकडला गेल्यावर अर्लची रवानगी टॉवर या लंडनच्या किल्ल्यातल्या कैदेत झाली. गंमत म्हणजे जानेवारी १६६७ मध्ये तिने स्वखुशीने त्याच्याशीच लग्न केलं. पेप्स तिचं आडनाव शेवटी दोन 'टी' घालून लिहितो. एक 'एल' की दोन, एक 'टी' की दोन, यावरून आजही लोक 'ते वेगळे मॅलेट' म्हणतात. अठराव्या शतकाआधीच्या कागदांत याला काडीचा अर्थ नाही. ऐकून लिहिणारा कारकून जसं सुचेल तसं लिही. आपल्याच पुस्तकांत पाहा ना : मालेट, मॅलेट, मालिट, सगळं एकाच माणसाला.

तो माणूस चार्ल्स वॉर मॅलेट. एका धाकट्या शाखेतला. त्याच शाखेतले सर थॉमस मॅलेट हे राजाच्या न्यायासनावरचे न्यायाधीश; १६४२ मध्ये यादवी पेटताना पार्लमेंटने त्यांना टॉवरमध्ये डांबलं होतं. राजेशाही परतल्यावर त्यांना बॅरोनेटचा, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा, किताब द्यायचं ठरलं, पण सनद कधी निघालीच नाही. चार्ल्सच्या वडिलांपर्यंत घराण्याचा रुबाब उतरणीला लागला होता. ते सॉमरसेटमधल्या कूम फ्लोरीचे धर्मोपदेशक होते, म्हणजे हा पाद्र्याचा मुलगा पोटापाण्यासाठी कंपनीत आला. आधी खंबायतला, मग १७८६ पासून पुण्याला. संगमावरची रेसिडेन्सीची जागा त्याच्याच काळातली. ती १८१७ साली जळाली. १७९० मध्ये टिपूविरुद्ध इंग्रज, पेशवे आणि निजाम यांचा तह झाला, त्यात पुण्याकडची बोलणी त्याची. त्याबद्दल १७९१ साली त्याला बॅरोनेट केलं. थॉमसच्या वेळी हुकलेला किताब असा पुण्याच्या दरबारामार्गे घरी आला. शनिवारवाड्यातला तो प्रसंग दाखवणारं मोठं तैलचित्र थॉमस डॅनिएलने १८०५ मध्ये लंडनला पुरं केलं. पुण्यात बसून त्याची रेखाटनं केली होती जेम्स वेल्सने. तो १७९५ मध्ये इकडेच वारला. चार्ल्सने मायदेशी गेल्यावर १७९९ साली वेल्सच्याच मुलीशी, सुझॅनाशी, लग्न केलं आणि त्यांना आठ मुलगे झाले. त्याआधी पुण्यात अंबर कौर ही हिंदुस्थानी स्त्री त्याच्याबरोबर राहत होती आणि तिच्यापासूनही त्याला मुलं होती, ती इंग्लंडला पाठवली गेली. किताब आणि छापील वंशवृक्ष आठ औरस मुलांच्या वाटेने चालतो. नुसतं आडनाव पाहून काढलेल्या वंशावळीत अशा शाखा कशा गळतात, याचं हे आपल्या गावातलंच उदाहरण.

त्या आठांपैकी तिघांचा आपल्या विषयाशी थेट संबंध येतो. ह्यू पॉइंट्झ ठाण्याचा कलेक्टर असताना मे १८५० मध्ये चौककडून डोंगर चढून माथेरानावर गेला, नंतर तिथे घर बांधलं; तिथल्या एका झऱ्याला अजून मॅलेटचं नाव आहे. आर्थर हा मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत होता. महाबळेश्वरच्या आर्थर सीटचं नाव त्याच्यावरून पडलं असं जुनं गॅझेटियर सांगतं. तिथे पहिलं घर त्याचं. सावित्री नदीत त्याची बायको आणि मूल बुडाल्याची आणि तो त्या कड्यावर बसून नदीकडे पाहत राहत असे ही कथा वाटाडे सांगतात. पण माझ्या कामाला तो वेगळ्याच कारणाने लागतो. निवृत्तीनंतर, १८८५ साली, मॅलेटांच्या इंग्रज शाखेचा इतिहास लिहिला तो याच आर्थरने. आणि थोरला भाऊ अलेक्झांडर, दुसरा बॅरोनेट, वकिलातीतला मुत्सद्दी. त्याने १८६० मध्ये वास या बाराव्या शतकातल्या जर्सीच्या कवीच्या नॉर्मन काव्यातला इंग्लंड जिंकल्याचा भाग इंग्रजीत आणला. हे काव्य का निवडलं असेल? कारण त्यात विल्यम मॅलेट हेस्टिंग्जला शत्रूंत घुसतो, त्याची ढाल फुटते, घोडा मारला जातो आणि दोन सरदार येऊन त्याला सोडवतात. वासने हे लढाईनंतर शंभर वर्षांनी लिहिलं आहे, तेव्हा ढाल फुटली की नाही कोण जाणे. प्रेत पुरण्याची हकीगत मात्र लढाईनंतरच्या पहिल्याच पिढीतली आहे. अलेक्झांडरचा मुलगा एडवर्ड मुत्सद्दी झाला, त्याने बेडफर्डच्या ड्यूकची मुलगी केली, आणि लंडन विद्यापीठाशेजारचा मॅलेट स्ट्रीट त्याच्यावरून आहे.

सांगायचं एवढंच की या घराण्याची १०६६ पर्यंतची अखंड कहाणी आज जी सगळीकडे नकलली जाते, ती बरीचशी एकोणिसाव्या शतकात याच भावंडांनी जुळवून ठेवली. आर्थर प्रामाणिक होता, कागद पाहणारा होता. पण घरचाच माणूस घरचा इतिहास लिहितो तेव्हा ११०६ आणि ११६० यांच्यामधला खड्डा त्याला आपल्याइतका खोल दिसत नाही.

आता मैत्रिणीच्या सासरचं. त्यांना म्हणावं, विल्यमपासून खाली येऊ नका, आजोबांपासून वर जा. १८३७ पासूनची सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी, त्यामागे १५३८ पासून सुरू झालेली चर्चची दप्तरं, बरोबर मृत्युपत्रं. १८५८ च्या आधीची मोठ्या घरांची मृत्युपत्रं कँटरबरीच्या धर्मन्यायालयात सापडतात. अठराव्या शतकात ते कुठल्या परगण्यात होते हे कळलं की निम्मं उत्तर मिळतं. सॉमरसेटला टाँटनच्या आसपास जमीनदार म्हणून दिसले तर १६२३ ची कुळचिन्हांची तपासणी बघायची. तिथे नाव जुळलं तर एन्मोरपर्यंत आणि तिथून मध्ययुगीन वारसा-चौकशांपर्यंत रस्ता आहे. नॉर्फक-सफककडचे असतील तर लगेच आयचा किल्ला आठवू नका. तिथला सरंजामी वंश बाराव्या शतकात उखडला गेला आणि नंतरचे मॅलेट बहुधा मोगरी विकणाऱ्याचे किंवा मॉल नावाच्या बाईचे. पुरुष वंशाची डीएनए चाचणी सुचवणारे हल्ली पुष्कळ भेटतात. ती फक्त दोन जिवंत मॅलेटांची तुलना करू शकते. तुलनेला ग्राव्हिलच्या विल्यमचं हाड कुणाकडे नाही. कागदाने सॉमरसेटच्या शाखेला पोचलेला एखादा पुरुष चाचणीला तयार असेल तरच पैसे खर्च करा, आणि तेही चर्चची दप्तरं चाळून झाल्यावर.